बाहेरून आलेलं

उपासना सुटली की आमच्या चर्चच्या आवारात चहा असतो. मोठ्या स्टीलच्या थर्मासमधला, साखर अंमळ जास्त, कागदी कपात. ऊन चढलं की सगळे बोलता बोलता कडुलिंबाच्या सावलीकडे सरकत जातात आणि आठवड्याभराच्या बातम्या तिथेच निघतात. कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाची बदली झाली. २२ ऑक्टोबर २०२३ च्या रविवारी विषय निघाला तो त्याच आठवड्यातल्या निकालाचा. मंगळवारी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला होता. मी ज्यांना लहानपणापासून काका म्हणत आले, ज्यांनी माझ्या वडिलांच्या शवपेटीला खांदा दिला, ते आमच्या मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे गृहस्थ कप चुरगाळत म्हणाले, "बरं झालं. हे बाहेरून आलेलं खूळ आपल्याकडे नकोच." चारपाच माना हलल्या. कोणीतरी "प्रभूची स्तुती असो" म्हणालं. मग हंगामाच्या सणाला लिलावासाठी कोण काय आणणार, यावर बोलणं गेलं.

घरी आले, मटण शिजायला लावलं, भाकऱ्या थापल्या, आणि ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

कारण ते मी आधी ऐकलं होतं. माझ्याबद्दल ऐकलं होतं. नगरच्या शाळेत पाचवीत असताना माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं अगदी निरागसपणे विचारलं होतं, "तुम्ही घरी इंग्रजीत बोलता का गं?" आमच्या घरी तेव्हा बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि रात्रीच्या प्रार्थनेला पेटीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं. आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण इतिहासाच्या तासाला बाईंनी 'इंग्रज आले आणि त्यांनी धर्म आणला' असं म्हटलं की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. पुढे कॉलेजात, ऑफिसात, भाड्यानं घर शोधताना, हाच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत भेटत राहिला. "तुमचं मूळ काय?" "म्हणजे आधी कोण होतात?" आडनाव मराठी आणि नाव बायबलातलं, हे लोकांना जुळवताच येत नाही. माझ्या पिढीतल्या प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाला हे उत्तर पाठ आहे की आम्ही इथलेच, आमची माती इथलीच, आमचे पणजोबा याच मातीत पुरलेले आहेत.

माझे पणजोबा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातले, महारवाड्यातले. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नव्हतं आणि देवळाची पायरी चढता येत नव्हती. मिशनच्या शाळेत मात्र मांडी घालून पाटीवर अक्षरं गिरवता येत होती. त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा सख्ख्या भावानं रोटीव्यवहार तोडला. "गोऱ्यांचा देव घरात घेतलास", असं तो म्हणाला होता, हे आजी सांगायची. सांगताना तिचा आवाज कडवट व्हायचा नाही, पण ती हातातलं काम थांबवायची. पणजोबांचं बायबल आता माझ्याकडे आहे. पाठीचा पुठ्ठा गेलाय, पानं चहाच्या रंगाची झालीत, उघडलं की डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा वास येतो. त्यात सगळ्यांत जास्त मळलेलं पान प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायाचं आहे. येशूचा शिष्य पेत्र गच्चीवर भुकेला बसलेला असतो, आकाशातून मोठी चादर खाली येते, तिच्यात त्याच्या धर्मानं निषिद्ध ठरवलेले सगळे प्राणी असतात, आणि वाणी होते की ऊठ, मारून खा. पेत्र नाही म्हणतो. असं काही मी आयुष्यात कधी तोंडात घातलेलं नाही, म्हणतो. तीनदा त्याला सांगितलं जातं की देवानं जे शुद्ध केलं आहे ते तू निषिद्ध मानू नकोस. मग तो खाली उतरतो आणि एका परक्याच्या, विदेशी सुभेदाराच्या घरात पाऊल टाकतो. ज्याला जन्मभर गावानं विटाळ मानलं त्या माणसानं हे पान बोट फिरवून फिरवून का मळवलं असेल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आमच्याकडे धर्म कसा आला ते नगरच्या कुठल्याही ख्रिस्ती घरात पोरंसोरं सांगतील. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. त्यांच्यातल्या मिस फरारबाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या, तेव्हा मुलींनी शिकणं हेसुद्धा बाहेरचंच खूळ होतं. ते मिशनरी न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल पंथाच्या मंडळ्यांचे होते. आमच्या मंडळ्या पुढे इतरांशी एक होत होत १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. तिकडच्या मंडळ्या १९५७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये गेल्या. इथपर्यंत आम्ही अभिमानानं सांगतो. पुढचं कोणी सांगत नाही, बहुतेकांच्या कानावरही नसतं. त्याच मंडळ्यांनी १९७२ साली उघडपणे समलिंगी असलेल्या माणसाला पाळकपणाची दीक्षा दिली, आणि ४ जुलै २००५ रोजी अटलांटाच्या महासभेत समलिंगी जोडप्यांच्या विवाहाच्या समान हक्काचा ठराव केला. तिथल्या प्रत्येक स्थानिक मंडळीला तो बंधनकारक नाही, त्यावरून काही मंडळ्या बाहेरही पडल्या. पण ज्या हातांनी माझ्या पणजोबांच्या डोक्यावर पाणी घातलं, त्या हातांच्या वारसांनी हे केलं. मग आमच्या आवारात 'बाहेरचं' नक्की कशाला म्हणायचं? दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी आलेलं आमचं, आणि काल आलेलं परकं?

हे सगळं मी एरवी इतकं उकरत बसले नसते. पण माझा भाचा आहे.

ताईचा मुलगा. पुण्यात वाढला, इंजिनिअर झाला, एमएस करायला बॉस्टनकडे गेला आणि तिकडेच राहिला. लहानपणी नाताळात घरोघर गाणी म्हणत फिरणाऱ्या टोळीत ढोलकी त्याच्याकडे असायची. रात्रभर जागून पहाटे तो माझ्याच घरी येऊन झोपायचा, कारण माझ्याकडच्या करंज्यांत खोबरं जास्त असतं. त्यानं एका रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. ताईनं पुढे बराच काळ कोणालाच सांगितलं नाही. मलाही नाही. तिनं मंडळीत येणं कमी केलं, मुलाचा विषय निघाला की ती "कामात आहे" एवढंच म्हणायची, आणि मला वाटत राहिलं की तिला शुगरचा त्रास वाढलाय. शेवटी त्यानंच मला लिहिलं. लांबलचक मराठीत, वेलांट्यांच्या चुकांसकट. त्याला एक जोडीदार होता, तोही विश्वासणारा, दोघं एका लाकडी बांधणीच्या पांढऱ्या, जुन्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये जातात, आणि तिथेच लग्न करणार होते. मॅसॅच्युसेट्समध्ये असं लग्न मे २००४ पासून कायदेशीर आहे, त्यामुळे कायद्याचा काही प्रश्न नव्हता. त्याची एकच मागणी होती. "मावशी, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मला मराठीत ऐकायचा आहे. इकडे वाचणारं कोणी नाही. तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवशील का?"

लग्नाला ये म्हणून तो मागे लागला नाही, पैसे मागितले नाहीत, आईची समजूत घाल म्हणूनही म्हणाला नाही. फक्त प्रीतीवरचा तो अध्याय मागितला.

मी लगेच हो म्हटलं नाही. असा प्रश्न आला की चर्चच्या बाहेरचे लोक समजतात, एकीकडे प्रेम आहे आणि दुसरीकडे जुनाट पुस्तक आहे, त्यात काय एवढं. माझ्यासाठी ते पुस्तक जुनाट नाही. त्यातल्या एका पानानं माझं घराणं माणसांत आलं. त्यातलंच दुसरं पान मला अडचणीचं वाटतं म्हणून मी ते फाडून टाकू शकत नाही. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय मी कितीदा तरी वाचला. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे पुरुषांनी पुरुषांशी केलेल्या व्यवहाराबद्दल बोलतो, आणि चांगलं बोलत नाही. लेवीयातलं वचन आहे, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातली पाप्यांची यादी आहे. काही विद्वान म्हणतात पौलाच्या डोळ्यांसमोर रोमी दुनियेतले गुलाम आणि कोवळी पोरं नासवणारे धनी होते, दोन बरोबरीच्या माणसांचं आयुष्यभराचं वचन त्याला ठाऊकच नव्हतं. दुसरे म्हणतात, शब्द सरळ आहेत, वळवू नका. मी हिब्रू-ग्रीक शिकलेली नाही. मला दिसतं एवढंच की त्या अध्यायातली माणसं देवाला विसरलेली आहेत, हेव्यानं, खुनानं, कपटानं भरलेली आहेत, निर्दय आहेत. आणि माझा भाचा जेवणाआधी डोळे मिटतो. त्याच्या जोडीदाराची आई आजारी होती तेव्हा हाच रात्री हॉस्पिटलात बसला. पौल चुकला असं म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही, आणि हा मुलगा त्या यादीत बसतो असं म्हणण्याइतकी मी आंधळी नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी बरेच महिने राहिले. अजूनही पुरती बाहेर आलेली नाही.

आमच्या पाळकसाहेबांशी बोलले. तरुण आहेत, अभ्यासू आहेत, खोटं सांत्वन करत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे गेले. पणजोबांचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते आदरानं हातात घेतलं, वाचलं आणि म्हणाले, "ताई, ही चादर खाण्याची होती, माणसांची होती. आचरणाची नव्हती. पाच अध्याय पुढे चला." पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत सभा भरते. परराष्ट्रीय लोक ख्रिस्ती झाले तर त्यांनी सुंता करायची की नाही यावर मोठा वाद होतो, आणि निर्णय लागतो की ते ओझं त्यांच्यावर घालायचं नाही, पण मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गुदमरून मारलेलं आणि जारकर्म यांपासून त्यांनी दूर राहावं. "दार उघडलं," पाळकसाहेब म्हणाले, "पण आत येणाऱ्याला काही नियमही सांगितले." त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. मी म्हटलं, त्याच निर्णयात रक्त वर्ज्य आहे, आणि आपल्या निम्म्या मंडळीच्या घरी रविवारी मटणाबरोबर रक्ती असते, त्यावर कधी उपदेश झाला नाही. ते म्हणाले, रक्ती आणि जारकर्म एका पारड्यात घालू नका. तेही खरं. मग मी विचारलं, दोन माणसं मंडळीपुढे उभी राहून, मरेपर्यंत एकमेकांशी विश्वासू राहू असं देवाला साक्षी ठेवून सांगतात, त्याला जारकर्म म्हणायचं का? जारकर्म तर वचन मोडणं असतं. हे तर वचन देणं आहे. ते बराच वेळ गप्प बसले. पाळकबाईंनी आतून सरबत आणून ठेवलं होतं, त्यातला बर्फ विरघळला. "मला याचं उत्तर देता येत नाही," ते म्हणाले, "पण मला उत्तर येत नाही म्हणून मंडळीची शिकवण बदलत नाही." मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी फार आदर वाटला, आणि मी निराश होऊनच बाहेर पडले.

ते दुसरंही काही म्हणाले होते, आणि त्यावर मी त्यांच्याशी आजही भांडते. ते म्हणाले, "त्यानं एकटं राहावं. पुष्कळ पवित्र माणसं एकटी राहिली." कॅथलिकांनी हे म्हटलं तर मी समजू शकते. त्यांच्याकडे एकटं राहण्याला घर आहे. मठ आहे, व्रत आहे, मान आहे, म्हातारपणी शुश्रूषा करणारी भावंडं आहेत. आमच्यात काय आहे? आमच्या मंडळीत तिशी उलटलेला मुलगा दिसला की दारातच "लाडू कधी?" विचारतात. बिनलग्नाचा पाळक असेल तर लोक कुजबुजतात. बाई एकटी असेल तर तिला प्रत्येक लग्नात मागच्या बाकावर, लहान मुलांच्या शेजारी जागा. एकटेपणाला आम्ही कधी किंमत दिली नाही, त्यासाठी कधी चूल मांडली नाही, आणि आता एका मुलाला सांगतो की जन्मभर तिथेच राहा. उत्पत्तीत आख्खी सृष्टी निर्माण होते आणि देव पुन्हा पुन्हा म्हणतो की चांगलं आहे. पहिल्यांदा तो 'हे बरं नाही' म्हणतो ते कशाला? मनुष्य एकटा असावा, याला.

आणि आमच्याकडे तिसरी वाट आहे, सगळ्यांना माहीत असलेली, कोणी न बोलायची. मुलाचं लग्न लावून टाकायचं. आमच्या जुन्या कंपाउंडमध्ये एक मुलगी होती, माझ्याहून थोडी लहान. तिचं लग्न मी पाहिलंय. आदल्या रात्री अंगणात हळद, दुसऱ्या दिवशी पांढरी साडी, डोक्यावर जाळीचा पदर, अंगठी आणि मंगळसूत्र दोन्ही. नवरा देखणा, सभ्य, नोकरीला चांगला. पाचसात वर्षांनी ती परत आली तेव्हा तिच्या हाताची नखं कुरतडून कुरतडून रक्ताळलेली असायची. नवऱ्यानं तिला कधी मारलं नाही, कधी रागानं बोलला नाही. तो तिच्याकडे बघतच नव्हता. त्याच्या आईवडिलांना लग्नाआधीच माहीत होतं. पाळकांनाही अंदाज होता, असं पुढे कळलं. लग्न झाल्यावर सुधारेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि ती सुधारणा एका तेवीस वर्षांच्या मुलीच्या अंगावर टाकली होती. त्या वेदीपुढे, त्या बायबलवर, सगळ्या मंडळीच्या साक्षीनं. स्त्री आणि पुरुष होते म्हणून ते लग्न देवाच्या योजनेतलं ठरलं. हे मला कुठल्याही अभ्यासवर्गात पटणार नाही.

ती मुलगी सुटली ती कायदा बदलल्यामुळे. आमचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. संमतीनं वेगळं होण्याची सोय नव्हतीच. २००१ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर तिचा मार्ग मोकळा झाला. पुढे तिनं दुसरं लग्न केलं, आमच्याच चर्चमध्ये, आणि सगळी मंडळी जेवायला होती. आता मत्तयाचा एकोणिसावा अध्याय उघडला तर घटस्फोटाबद्दल येशूचे शब्द लख्ख आहेत, सूट फार थोडी आहे. देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये, हे आम्ही प्रत्येक लग्नात वाचतो. त्या दिवशी कोणी तो अध्याय तिच्या तोंडावर वाचला नाही, आणि वाचला नाही हे फार चांगलं केलं. ज्या गोष्टीवर प्रभू स्वतः इतका स्पष्ट बोलला, तिथे आम्हाला एका बाईचा चेहरा दिसला आणि आम्ही जागा केली. समलिंगी माणसांबद्दल शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एक शब्द नाही. तिथे मात्र आमचा अध्याय पक्का असतो.

विवाहाबद्दल चर्चनं कधी काही बदललंच नाही, हेही खरं नाही. अँग्लिकन बिशपांनी १८८८ च्या लँबेथ परिषदेत ठरवलं की दोन-तीन बायका असलेल्या माणसाला बाप्तिस्मा द्यायचा नाही. म्हणजे आधी एक ठेवून बाकीच्या सोडायच्या. सोडलेल्यांचं काय, हे त्या बायकांनाच माहीत. शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच परिषदेनं वाट काढली की अशा माणसाला कुटुंबासकट घ्यावं, त्यानं पुढे आणखी लग्न करू नये म्हणजे झालं. आपल्या महाराष्ट्रात ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या, सोवळ्यात, माहेरच्या माणसांत. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. हे लग्न राहिलं की मोडलं, याचं उत्तर कुठल्याच धर्माच्या पंडिताकडे तयार नव्हतं. ते त्या दोघांनी स्वतः, काही वर्षं घेऊन शोधलं. आज आम्ही त्यांची नावं घेताना ऊर भरून येतो असं म्हणतो.

निकालाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आवारातल्या गप्पांत एक भीती सारखी डोकावते: उद्या सरकार पाळकांना असली लग्नं लावायला भाग पाडेल. सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग यांच्या याचिकेत प्रश्न होता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा, म्हणजे रजिस्ट्रारपुढच्या लग्नाचा. आमची चर्चमधली लग्नं १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं लागतात. पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांनी निदान अशा सहजीवनाला काही कायदेशीर ओळख द्यावी असं म्हटलं, बाकी तिघांनी तेही मान्य केलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. मधल्या काळात सरकारनं रेशनकार्ड आणि बँकेच्या जॉइंट खात्याबद्दल खुलासे काढले. मागणी त्याहून फार मोठी नव्हतीच. आयसीयूच्या दारात "तुम्ही पेशंटचे कोण?" विचारल्यावर उत्तर देता यावं, घर दोघांच्या नावावर असावं, एक गेला तर दुसऱ्याला त्याच घरातून त्याच्या भावानं बाहेर काढू नये. यातलं एकही बायबलच्या विरुद्ध आहे असं मला कोणी दाखवून दिलेलं नाही. मुंबईचे तेव्हाचे कॅथलिक आर्चबिशप कार्डिनल ग्रेशियस २०१३ सालीच म्हणाले होते की चर्चचा अशा लग्नाला विरोध आहे, पण ही माणसं गुन्हेगार आहेत असं चर्चनं कधी मानलेलं नाही. त्या आवारातल्या चहानंतर दोन महिन्यांनी, डिसेंबरात, रोमहून पत्रक निघालं की पुरोहितांनी अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला हरकत नाही, विवाहविधी मात्र नाही. वसईच्या माझ्या मैत्रिणीनं ते कळताच फोन केला. ती कादोडी बोलीत भराभर बोलत होती, मला अर्धंच कळत होतं. तिचाही कोणीतरी आहे, हे मला त्या फोनवर कळलं. आणि बाहेरचं, बाहेरचं म्हणणाऱ्यांनी नागपूर तरी पाहावं. सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय चर्च परिषदेचं कार्यालय आहे, आमचं चर्च तिचं सदस्य आहे, आणि तिथली माणसं कित्येक वर्षांपासून या प्रश्नावर अभ्यासवर्ग घेत आहेत, लिहीत आहेत. विदर्भातल्या उन्हात बसून.

ताईशी बोलणं सगळ्यांत अवघड होतं. तिनं पोळपाटावरून नजर वर न करता विचारलं, "माझं काय चुकलं असेल गं? मी गरोदर असताना उपास केले नव्हते." मी तिला म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही, त्याचंही नाही. ती म्हणाली, "तू म्हणतेस. काका काय म्हणतील?" मोठ्या शहरात, परक्या देशात मुलगा सुखी आहे याचा तिला आनंद होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तो आनंद कोणाला दाखवायचा, हे तिला कळत नव्हतं. एका ख्रिस्ती बाईला स्वतःच्या मंडळीत स्वतःच्या मुलाचं सुख लपवावं लागतं. माझा निर्णय बराचसा तिथे, त्या ओट्याशी झाला. धर्मशास्त्रानं नाही झाला, हे मला मान्य आहे. पण पेत्राचं तरी काय झालं? त्यानं आधी विदेशी सुभेदाराच्या घरात पाऊल टाकलं, तिथल्या माणसांवर आत्मा उतरलेला डोळ्यांनी पाहिला, आणि मग यरुशलेमला येऊन मंडळीला समजावत बसला.

मी अध्याय वाचला. दुपारी, पंखा बंद करून, खिडकी लावून. तरी शेजारच्या कुकरची एक शिट्टी आत आलीच, ती तशीच ठेवली. त्याला घर ऐकू जाईल. 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' इथपर्यंत आवाज नीट होता. पुढे एका जागी थांबावं लागलं. वाचताना मला जाणवलं की हे शब्द पौलाचेच आहेत. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या त्याच माणसाचे. दोन्ही पानं त्याचीच आहेत, आणि दोन्ही मला जन्मभर एकाच पुस्तकात सांभाळायची आहेत.

लग्न झालं. फोटोत दोघांच्या कपाळावर हळदीचं बोट आहे, त्यानं हळद कुठून मिळवली देव जाणे. ताईनं तो फोटो फोनमध्ये ठेवलाय.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. महिन्यात ज्यांची लग्नं झाली, इथे असोत की परदेशात, त्यांची नावं मध्यस्थीच्या प्रार्थनेत घेतात. परदेशी गेलेल्या मुलांची नावं तर आवर्जून घेतात. मी पाळकसाहेबांना चिठ्ठी दिली, दोन्ही नावं लिहून. म्हटलं, लग्न म्हणू नका, आशीर्वाद म्हणू नका, तुमच्या शिकवणीत बसेल तेवढंच म्हणा, पण दोघांची नावं एकत्र घ्या. त्यांनी चिठ्ठी बायबलात ठेवली आणि म्हणाले, "ताई, मला वेळ द्या." मी दिला. अजून नावं वाचली गेलेली नाहीत. काकांना मी तेव्हापासून दोनदा घरी जेवायला बोलावलंय, पुढच्या वेळी ताईलाही बोलावणार आहे. आणि पाळकसाहेबांना या रविवारी पुन्हा विचारणार आहे.